गादीवाली बाई

आमच्या सिगार कारखान्यात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. हात तंबाखूनं चिकट झालेले असतात आणि एका हातात कायम चवेता असते. चवेता म्हणजे पान कापायचं पातं, बिनमुठीचं, चंद्रकोरीसारखं. वाचन आवडलं की आम्ही ती पाटावर आपटतो. सगळ्या बाकांवरच्या चवेता एकदम वाजल्या की छपरावरची कबुतरं उडून शेजारच्या गावात जाऊन बसतात आणि तिथलं दाणापाणी आटोपूनच परततात. वाचन आवडलं नाही, तर चवेता फरशीवर टाकायची. एकदाच. पूर्वीच्या एका वाचकानं तो आवाज ऐकला आणि तो उठून थेट कायबारिएन बंदरात मासेमारीच्या बोटीवर चढला. बोटीवर कुणाच्या हातून चमचा पडला तरी तो अजून राजीनामा देतो म्हणतात.

त्याच्यानंतर आला लिओविहिल्दो कार्मेनाते. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. आम्ही खाली बाकांवर सिगारी वळायच्या आणि त्यानं वर चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसून वाचायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आवाज असा की उन्हाळ्यात त्यानं पावसाचं वर्णन वाचायला घेतलं तर आमची पानं आपोआप मऊ पडायची, पाणी शिंपडावं लागायचं नाही. हे मी माझ्या बाकावर पाहिलेलं आहे. वादळाचं प्रकरण आलं तेव्हा तर पानं वाळत घालावी लागली.

मग त्याचा घसा बसला. रेमेदिओस गावच्या डॉक्टरनं घशात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, सकाळपुरता आवाज शिल्लक आहे, दुपारी तोंड मिटून बसा.

आमचा व्यवस्थापक बेलार्मिनो ह्याच संधीची वाट पाहत होता. त्याला तो चौथरा डोळ्यांत खुपायचा. तिथं पेट्यांची थप्पी छान बसेल, असं त्याचं फार दिवसांचं मत होतं.

"अर्ध्या दिवसाच्या वाचकाला अख्खी खुर्ची कशाला?" तो म्हणाला. "रेडिओ लावू. रेडिओचा घसा बसत नाही."

"आणि मास्तर?" झोराइदानं विचारलं. झोराइदा पुपो माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिच्या हातची सिगार आणि तिची जीभ, दोन्ही सारख्याच घट्ट वळलेल्या.

"मास्तरांची गुदामात सोय करू. पेट्यांवर शिक्के मारायचे. बसून काम आहे."

ज्या माणसानं आम्हाला अर्ध्या जगाच्या राण्या, दरोडेखोर आणि घटस्फोट ऐकवले, त्यानं उरलेलं आयुष्य एकच शब्द पेट्यांवर आपटत बसायचं. पण वाचक नेमायचा की काढायचा हे आमच्याकडे सिगार वळणारेच ठरवतात, हात वर करून. म्हणून मास्तरानं एक मुदत मागून घेतली. दुपारसाठी मी काहीतरी आणतो, म्हणाला. ते संपेपर्यंत थांबा, मग काय ते हात वर करा.

त्यानं आणला पॉडकास्ट.

म्हणजे रेडिओवरच्या श्रुतिकेसारखंच, पण फोनमध्ये उतरवून घ्यायचं आणि हवं तेव्हा लावायचं. माद्रिदच्या कुणी मंडळींनी केलेला, दहा भागांचा, खुनाचा. नाव "लिफ्ट बंद आहे." श्रीमंत विधवा पाचव्या मजल्यावर मेलेली सापडते, लिफ्ट बंद असते, आणि जिन्यावरून कुणालाच कुणी जाताना पाहिलेलं नसतं. मास्तर फोन स्पीकरला जोडायचा, खुर्चीत ताठ बसायचा आणि पूर्वी पान उलटायचा त्याच रुबाबात बटण दाबायचा.

आता, आमच्याकडे महिन्याचं नेट मिळतं ते मापून आणि संपतं ते मोजायच्या आत. आठवड्याला एक भाग उतरवायचा तर मास्तराला बाकी सगळ्यावर पाणी सोडावं लागलं. त्याची पुतणी आयमारा सांता क्लारा शहरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. तिनं नव्या बाळाचा फोटो पाठवला, तर ह्यानं उलट लिहिलं, "फोटो उघडलेला नाही. बाळ कुणासारखं दिसतं ते शब्दांत कळव." तिनं दोन ओळींत कळवलं. मास्तरानं त्या ओळी आम्हाला वाचून दाखवल्या आणि बाळ सगळ्यांना डोळ्यांपुढे दिसलं. झोराइदानं तर त्याच्या कानावरून बाप कोण तेही सांगितलं.

तर पहिला भाग लागला. विधवेच्या घराचं दार तोडलं. इन्स्पेक्टर आत शिरला. पावलं वाजली. अंधार. इन्स्पेक्टर म्हणाला, "अरे देवा." आमच्या सगळ्यांच्या चवेता हवेत थांबल्या.

आणि एका बाईचा गोड आवाज आला. "रात्री झोप लागत नाही? मलाही लागत नव्हती. मग माझ्या घरी ही गादी आली."

बराच वेळ ती गादीबद्दल बोलली. मग गेली, आणि प्रेत सापडलं.

भाग संपल्यावर चवेता अशा वाजल्या की कबुतरं दोन दिवस आली नाहीत. मग झोराइदा मागं वळली.

"ही कोण रे?"

"कुठली?" मी म्हटलं.

"आत्ता बोलून गेली ती. प्रेत सापडलं नाही तोवर ही गादी घेऊन हजर. हिला कुणी बोलावलं होतं?"

"शेजारीण असेल," आर्सेनियो म्हणाला. आर्सेनियो कोपऱ्यातल्या बाकावर बसतो आणि कुणीही काहीही म्हटलं तरी त्याचं वेगळं असतं.

"शेजारीण असती तर कॉफी मागायला आली असती. आणि बोलणं ऐकलंस ना? घरात मयत आणि आवाजात साखर."

तुम्ही हसाल. पण आमच्या बाकांवर बसणाऱ्यांचं अर्धं-अधिक आयुष्य रेडिओ ऐकण्यात गेलेलं आहे. त्यावर आम्ही सूचना ऐकल्या, भाषणं ऐकली, चक्रीवादळांचे इशारे ऐकले. मध्येच येऊन गादी घ्या म्हणणारं कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या गावात गादी घ्यायची नसते, ती वारशानं येते. कुणीतरी म्हातारं माणूस जावं लागतं, मग भावंडांत वर्षभर अबोला, मग गादी. त्यामुळे विधवेचं प्रेत आणि गादी एका घरात आली म्हटल्यावर आम्हाला आणखी पुरावा नकोच होता.

मास्तराला ठाऊक होतं. त्यानं जुन्या कादंबऱ्यांतून जाहिरातींविषयी वाचलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं खुलासा करायला तोंड उघडलं, पण चवेता वाजत होत्या, आणि चवेता वाजत असताना वाचकानं बोलायचं नसतं. मग ते राहून गेलं. शिवाय घशाला आराम सांगितलेला.

दुसऱ्या भागात बाई पुन्हा आली. पोलीस प्रेताची ओळख पटवत होते तेवढ्यात. म्हणाली, "तुम्ही कुशीवर झोपा, पोटावर झोपा, ही गादी तुमचं अंग ओळखते."

"घ्या!" झोराइदानं चवेता रोखली. "पोलिसांना अजून अंग ओळखता येईना, आणि हिच्या गादीला ओळखता येतं."

तिसऱ्या भागात म्हणाली, "मानेपासून टाचेपर्यंत शरीर अगदी सरळ राहतं."

"सरळ कोण झोपतं?" झोराइदानं विचारलं. "जिता माणूस कधी सरळ झोपतो? माझा नवरा प्रश्नचिन्हासारखा झोपतो. सरळ झोपवतात ते एकदाच."

चौथ्या भागात म्हणाली, "शेजारी जोडीदारानं कूस बदलली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"हिच्या जोडीदाराचं काय झालं ते आधी बघायला पाहिजे," आर्सेनियो म्हणाला. त्याचं आणि झोराइदाचं एकमत झालं ते तेव्हा. दोघांनाही त्याचा इतका धक्का बसला की दुपारभर त्यांनी वळलेल्या सिगारी वाकड्या निघाल्या.

असं भागामागून भाग चाललं. इन्स्पेक्टरचा संशय आधी मोलकरणीवर, मग वकिलावर, मग पुतण्यावर. आम्हाला त्याची कीव यायची. बाई त्याच्या नाकासमोरून दर भागात दोनदा जायची आणि हा वकिलाच्या बुटांचा चिखल तपासत बसायचा. एकदा तर तिनं परवलीचा शब्द उघडपणे सांगितला: "दुकानात 'मध्यरात्र' एवढंच म्हणा, किंमत कमी होईल." आम्ही सगळे बाकांवरून ओरडलो, अरे ऐक, मागं बघ! इन्स्पेक्टरनं सिगारेट पेटवली.

गाव मंतरल्यासारखं झालं होतं. कारखान्यात नसलेली माणसंही दुपारी खिडक्यांना लागून उभी राहायची. बेलार्मिनोचा रेडिओ खोक्यात पडून होता. मास्तराची खुर्ची राहणार ह्याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती.

मग नवव्या भागाच्या आधी मास्तराचं नेट संपलं.

महिना संपायला अवकाश होता. मास्तरानं आयमाराला फोन लावला. "बाळे, तुझ्या नेटवर नववा भाग उतरवून दे. आणि पाठव कुणाबरोबर तरी."

"काका, माझंही तळाला गेलंय. बघते, बारीक करून बसतंय का."

तिनं केलं बारीक. आवाजाचा दर्जा उतरवला, इतका की इन्स्पेक्टर हौदात उभा राहून बोलतोय असं वाटायचं. रिकाम्या जागा काढल्या, त्यामुळे माणसं एकमेकांचं बोलणं संपायच्या आत उत्तर द्यायला लागली, आणि संशयितांची घाई फार संशयास्पद वाटायला लागली. आणि पेनड्राइव्ह बसच्या ड्रायव्हरकडे देताना तिनं चिठ्ठीत लिहिलं, "काका, मधला गादीचा कचराही काढून टाकलाय."

मास्तरानं घरी भाग ऐकला. वाचकानं मजकुरात काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही, हे त्यानं आयुष्यभर पाळलेलं. पण गाळणारा तो नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सुटली पीडा, म्हणाला.

दुपारी भाग लागला. आम्ही ऐकत होतो. इन्स्पेक्टर विधवेच्या झोपण्याच्या खोलीत शिरला. पलंगाकडे गेला. आता बाई येणार. इन्स्पेक्टर पलंगावर बसला, उठला, बाहेर गेला. कुणी आलं नाही.

भाग संपला.

मग एक चवेता फरशीवर पडली. झोराइदाची. मग आर्सेनियोची. मग सगळ्यांची. माझीही पडली, पण मी ती पायावर पाडली, म्हणजे आवाज होऊ नये. बुटाला अजून भोक आहे.

"बाई कुठाय?" झोराइदा उभी राहिली. "मास्तर, बाई कुठाय? इन्स्पेक्टर गादीवर बसला. गादीवर! आठ भाग आम्ही ह्याची वाट बघतोय. आणि नेमकी तिथंच बाई गायब? कुणी कापलं?"

मास्तर चौथऱ्यावर उभा राहिला. "झोराइदा, ती जाहिरात होती. गादी विकण्यासाठी."

"मास्तर!" झोराइदाला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "खुनाच्या मधोमध येऊन गादी कोण विकेल? आमच्या शेजारचा यूसेबियो मयताच्या घरी जाऊन लसूण विकतो. पण तोसुद्धा शवपेटी उचलेपर्यंत थांबतो."

ह्यावर आम्ही सगळे झोराइदाच्या बाजूनं झालो, कारण यूसेबियोला सगळे ओळखतात.

बेलार्मिनो धावत आला. त्यानं मास्तराला बाजूला घेतलं. "कॉम्रेड, वरून काही आलंय का?"

"कुठून वरून?"

"वरून."

"काही नाही हो. पुतणीनं नेट वाचवायला कापलं."

बेलार्मिनोनं मान हलवली. काही आलेलं नाही असं सांगितलं की माणसं जशी मान हलवतात तशी. मग त्यानं जिल्ह्याला फोन केला. जिल्ह्याचा साहेब म्हणाला, आमच्याकडे गादीबद्दल काही आलेलं नाही, आणि फोन ठेवून त्यानं प्रांताला फोन केला. संध्याकाळपर्यंत तिथला एक माणूस नुसता गादीचा विषय कुणाच्या टेबलावर आहे ते शोधत फिरत होता. शेवटी तो एका टेबलापाशी पोचला. ते त्याचंच होतं.

पण धावत येताना बेलार्मिनोच्या कानावर एक शब्द पडला होता, तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

"काल तू जाहिरात म्हणालास. म्हणजे आपल्या कारखान्यात, कामाच्या वेळात, परदेशी गादीची जाहिरात वाजत होती? दर भागात?"

"दोनदा," मास्तर म्हणाला. मजकुराबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे.

"मग मतदान कशाला हवं? मी आजच खुर्ची हलवतो."

मास्तर असा दोन्हीकडून सापडला. जाहिरात आहे म्हणावं तर बेलार्मिनो खुर्ची नेणार. जाहिरात नाही म्हणावं तर त्यानं खुनीण कापली असं ठरून आम्ही मतदानाला हात खालीच ठेवणार. दोन्ही वाटा गुदामातल्या शिक्क्याकडे जात होत्या.

झोराइदा मध्ये पडली. मास्तराच्या बाजूनं नव्हे, बाईच्या बाजूनं. "सोमवारी शेवटचा भाग लागेल," तिनं बेलार्मिनोला सांगितलं. "अख्खा. न कापलेला. तुम्ही पण बसा आणि ऐका. मग खुर्चीचं काय ते आमचं आम्ही ठरवू, आणि जाहिरात आहे की काय ते तुम्ही ठरवा. मास्तर, बाई पूर्ण आली पाहिजे. नाही आली, तर तुम्ही आणि तुमची पुतणी दोघं जाऊन शिक्के मारा."

आता अख्खा शेवटचा भाग म्हणजे दीड तासाचा, बारीक न केलेला, म्हशीएवढा जड. मास्तराचं नेट संपलेलं. आयमाराचं संपलेलं. आणि महिनाअखेर असल्यामुळे आमच्यातल्या एकाकडेही एवढं नव्हतं. प्रत्येकाकडे तळाशी राहिलेलं थोडं थोडं होतं, बाटलीत तेल राहतं तसं.

मग रविवारी दुपारी आम्ही कारखान्यामागं जमलो. गावात टॉवरची रेंज कुठंच धड नाही, पण गुदामाच्या छपराच्या उंचीला येते. तिथं तंबाखूचे गठ्ठे वर चढवायची कप्पी आहे. झोराइदानं आपलं दुधाचं पातेलं आणलं. एकाचा फोन पातेल्यात ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, कप्पीनं पातेलं वर ओढायचं, आणि खाली स्टुलावर ठेवलेल्या मास्तराच्या फोननं ते नेट प्यायचं. संपलं की पातेलं खाली, पुढच्याचा फोन वर. डाऊनलोड जिथं थांबलं तिथून पुढं.

त्यासाठी आम्ही रांग लावली. आणि रांग लावली, ही चूक झाली.

आमच्याकडे रांग दिसली की माणूस आधी "शेवटचा कोण?" विचारतो, मागं उभा राहतो आणि मग काय आलंय त्याची चौकशी करतो. काय आलंय ते आधी विचारणारा मूर्ख, तोवर दोघं पुढं घुसतात. बसमधून उतरलेली एक बाई तेलाची रिकामी बाटली घेऊन उभी राहिली. तिला बघून आणखी बाटल्या आल्या. कुणीतरी म्हणालं, कोंबडी आली आहे. पातेलं वर जाताना दिसत होतंच. रांग चौकाला वळसा घालून चर्चच्या मागं गेली, तिथून नदीकडे. नदीच्या पलीकडून एक रांग येत होती, ती कशाची ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोन्ही जुळल्या.

पुढं पोचल्यावर लोकांना कळायचं की इथं काही मिळत नाही, द्यावं लागतं.

"नेट?" कायबारिएनहून सायकलवर आलेला एक माणूस ओरडला. हातात गोणी होती. "मी इतका वेळ नेट द्यायला उन्हात उभा होतो?"

"मग जा," झोराइदा म्हणाली. "मागचा पुढं सरकेल."

त्यानं मागं वळून पाहिलं. मागचा खरोखरच पुढं सरकायच्या बेतात होता. "असा कसा जाऊ? नंबर माझा आहे!" म्हणत त्यानं फोन पातेल्यात टाकला. दिलं तेव्हाच गेला, आणि फार समाधानानं गेला.

एकानं तर आपला नंबर एका पपईच्या बदल्यात मागच्याला देऊन टाकला. मागच्यानं पपई देऊन नेट दिलं. आमची माणसं भोळी आहेत असं कुणी म्हणू नये, ती शिस्तीची आहेत.

बेलार्मिनोची बायको ओतिलियाही पिशवी घेऊन उभी होती. तिच्याजवळ नवऱ्याचा फोन होता. "कोंबडी नाही होय?" ती म्हणाली. "मग निदान त्या मेलीला पकडा तरी." आणि फोन दिला. तिनं दुपारी खिडकीला लागून सगळे भाग ऐकलेले होते. तेवढ्या नेटवर शेवटचा तुकडा उतरला आणि स्टुलावरचा फोन टिंग करून वाजला. मास्तरानं तो दोन्ही हातांत धरला, आयमाराच्या बाळाला धरावं तसा. बाळ त्यानं अजून पाहिलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी बेलार्मिनो पहिल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसला. मांडीवर नियमांचं पुस्तक. तोंड असं की सकाळपासून फोनवर काहीच का उघडत नाही हे त्याला कळलेलं असावं. मागं दोन हमाल, चौथऱ्यावरची खुर्ची उचलायला.

मास्तरानं बटण दाबलं.

इन्स्पेक्टरनं सगळ्यांना विधवेच्या दिवाणखान्यात जमवलं. मोलकरीण, वकील, पुतण्या. बाईला बोलावलंच नव्हतं. तो बोलत राहिला, बोलत राहिला, आणि शेवटी पुतण्याकडे बोट दाखवून म्हणाला, चॉकलेटमध्ये विष तूच घातलंस. पुतण्यानं रडत रडत कबूल केलं. आर्सेनियो शिंकला. बाकी कुणी काही केलं नाही.

"मारून मारून कबूल करवलं असेल," कुणीतरी पुटपुटलं.

संगीत वाजलं. बेड्या वाजल्या. लिफ्ट चालू झाली. आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर, सगळं शांत झाल्यावर, ती आली.

आवाजात तीच साखर. "तुम्ही आमच्यासोबत शेवटपर्यंत राहिलात, धन्यवाद," ती म्हणाली. "म्हणून खास तुमच्यासाठी: गादी घरी न्या. शंभर रात्री झोपून पाहा. नाही आवडली, तर कळवा. आमची माणसं येतील, अगदी पाचव्या मजल्यावरसुद्धा चढून गादी उचलून नेतील, आणि तुमचे सगळे पैसे परत. काही विचारणार नाही. शुभ रात्री."

आणि संपलं.

झोराइदानं हळूच छातीवर क्रूस काढला. मग ती उभी राहिली.

"मास्तर, तुम्ही आयुष्यभर वाचत आलात. आमच्यापेक्षा जास्त कळतं तुम्हाला. एकदा खरं सांगा. हिनंच ना?"

सगळी तोंडं चौथऱ्याकडे वळली. बेलार्मिनोचंही. हमालांनी बाह्या सरसावल्या. मास्तरानं खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, आणि दुपार असूनही, डॉक्टरचं न ऐकता, पूर्वीच्या आवाजात बोलला. आमची पानं किंचित ओलसर झाली.

"मी वाचक आहे," तो म्हणाला. "मजकुरात जेवढं आहे तेवढंच सांगतो. त्या बाईला कुणी पकडलं, असं मजकुरात कुठंही नाही."

आधी एक चवेता वाजली. मग सगळ्या. पाटांना खाचा पडल्या, खिडकीतली माणसं खिडकीच वाजवायला लागली, कबुतरांनी तर प्रांत बदलला. हात वर करायला कुणाचे हात मोकळेच नव्हते, पण मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

एक बेलार्मिनो तेवढा राहिला होता. तो नियमांचं पुस्तक काखेत मारून चौथऱ्याच्या पायऱ्या चढला आणि मास्तराच्या कानाला लागला. मी पहिल्या रांगेत नव्हतो, पण माझे कान चांगले आहेत.

"आपल्या दोघांत सांग. जाहिरात आहे ना ही?"

"आहे," मास्तर म्हणाला.

"हं." बेलार्मिनोनं पुस्तक उघडलं. पान शोधलं. मग थांबला. "ते शंभर रात्रींचं म्हणाली. म्हणजे तीन महिने झोपायचं?"

"तसं म्हणते ती."

"आणि मग त्यांची माणसं येतात? स्वतःहून? पाचव्या मजल्यावर?"

"तसं म्हणते."

"आणि वापरलेली गादी घेऊन पैसे परत देतात? फॉर्म नाही, शिक्का नाही, उद्या या नाही? काही विचारतच नाहीत?"

"काही विचारणार नाही, असं म्हणते."

बेलार्मिनो पुस्तकाच्या समासात बोटानं आकडेमोड करू लागला. ओठ हलत होते. तो सगळ्या बाजूंनी विचार करत असावा. कारखान्यात येण्याआधी तो फर्निचर दुकानाचा व्यवस्थापक होता.

मग त्यानं पुस्तक मिटलं आणि हमालांना हातानं जा म्हणून खूण केली.

"नाही," तो म्हणाला. "ह्या बाईनंच मारलंय."